मुरुडशेंगेचा फोक

आमच्या वाडीत मामा डोंगरावरून काठी घेऊन उतरला की मुलीचं लग्न पक्कं होतं. त्याआधी सुपारी फुटलेली असो, दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे जेवून गेलेली असोत, मांडवाचं नाव कोणी काढत नाही.

काठी म्हणजे तिराची काठी. हळदीच्या दिवशी नवरा आणि नवरी मिळून एक तीर सोडतात, समोर रोवलेल्या केळीच्या खांबात. धनुष्य देवळातलं, सगळ्यांना तेच. तीर मात्र प्रत्येक लग्नाला नवा लागतो आणि तो मामाच्या हातचा लागतो. त्यासाठी माघाच्या अंधाऱ्या पंधरवड्यात मामा आणि होणारा नवरा असे दोघंच डोंगर चढतात. काठी मामाने निवडायची, नवऱ्याने तोडायची. मिळाली की मामा वरच्या मोठ्या धोंडीवर उभा राहून खाली हाळी देतो, खालून बायका उलटी हाळी देतात, आणि लग्न ठरलं.

मामा रिकाम्या हाताने उतरला तर ठरलं नाही. कोणी कारण विचारत नाही. नवरा मुलगा पाणी पितो, ‘येतो’ म्हणतो आणि आपल्या गावी जातो. डोंगरावर काठी मिळाली नाही, एवढंच दोन्हीकडे सांगितलं जातं. आमच्या डोंगरावर काठ्यांना तोटा नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण दोष डोंगराच्या नावावर जातो आणि माणसं पुढे कधी बाजारात भेटली तर एकमेकांकडे बघून हसू शकतात. ही रीत कोणी घातली ते मला माहीत नाही. मी पुष्कळ शोधलं, कुठे लिहिलेली सापडली नाही. ज्याने घातली तो माझ्यापेक्षा शहाणा होता एवढं नक्की.

आमच्या सगळ्या भाच्यांचा मामा म्हणजे माझा थोरला भाऊ भागोजी. मी नुसता त्याच्यामागे होतो. भागोजीदादा सकाळी नवऱ्या मुलाला घेऊन चढायचा आणि इकडे चहा निवायच्या आत त्याची हाळी यायची. काठी म्हणजे त्याला रस्त्यावर पडलेली दिसावी तशी दिसायची. परवाच्या पावसाळ्यात तो गेला. मग प्रणालीसाठी उरलो मी.

प्रणाली माझ्या धाकट्या बहिणीची, तुळशीची मुलगी. तुळशीचा नवरा लवकर गेला आणि ती लहानग्या पोरीला कडेवर घेऊन आमच्याकडे आली. मला आणि माझ्या बायकोला, जनीला, मूल नाही. प्रणाली आमच्याच पडवीत वाढली. मी मुरुडला एका वाचनालयात कामाला होतो. संध्याकाळच्या एसटीने परत यायचो तेव्हा ती फाट्यावर उभी असायची. माझ्या हातातलं पुस्तक घ्यायची, डोक्यावर ठेवायची आणि मोळी आणल्यासारखी घरापर्यंत आणायची. वाटेत पुस्तक पडलं नाही तर त्यातली एक गोष्ट सांगायची असा आमचा करार होता. पडलं तरी मी सांगत असे. तिच्यासाठी मी याहून जास्त काही केलं का, हा प्रश्न मला अजून पडतो. आता ती अलिबागला एका दवाखान्यात नर्स आहे आणि घरी आली की माझं ब्लडप्रेशर मोजते.

स्थळ तळा गावाकडचं होतं. मुलगा कुलदीप. घरची भातशेती, आणि तो स्वतः आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीवर कामाला. गाड्या बोटीवर चढल्या की त्या नीट लावून घ्यायच्या, हे त्याचं काम. सगळ्यांना पसंत होता. काठी तेवढी राहिली होती.

डोंगरावर जायच्या आदल्या संध्याकाळी प्रणाली पडवीत वालाच्या शेंगा निवडत बसली होती. मी शेजारी पुस्तक उघडून बसलो होतो, वाचत नव्हतो.

“मामा,” ती म्हणाली, “उद्या काठी बघशील तेव्हा त्यालाही बघ.”

“बघितलाय की. चांगला आहे.”

“चांगला आहेच. वाईट काही दिसत नाही. पण बोलत नाही रे. मी बोलते, तो ऐकतो. फोनवर तर मला वाटतं लाइन कट झाली.” तिने एक किडकी शेंग बाजूला टाकली. “तुझ्यासारखा गप्प आहे का नुसताच गप्प आहे, ते मला कळत नाही. तुला कळेल.”

“मला कसं कळणार?”

“तू गप्प आहेस म्हणून.”

“आणि नाही कळलं तर?”

“तर रिकाम्या हाताने ये. मी कोणाला काही विचारणार नाही. तुलाही नाही. तू हो म्हणालास तर हो, मामा. मला दुसऱ्या कोणाचं नकोय.”

मी काही बोलणार तेवढ्यात आतून जनी म्हणाली, “अगं, कुणाला सांगतेस? ह्यांनी जन्मात एक केरसुणी निवडून आणली न्हाय. दुकानात उभे राहायचे, दोन हातांत दोन केरसुण्या. हिची मूठ चांगली, तिची पाती चांगली. दुकानदार फळ्या लावायला आला तरी उभेच.”

“मग शेवटी कोणती आणली?”

“दोन्ही.”

प्रणाली हसायला लागली. “मामा, उद्या दोन नवरे आणू नकोस हां.”

मीही हसलो, पण रात्रभर झोप लागली नाही. तिराच्या काठीबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. भागोजीदादाबरोबर लहानपणी हिंडलोही होतो. काठी मला ओळखता येईल असं वाटत होतं. माणसांचं मात्र मला कधीच सांगता आलं नाही. माणूस भेटून गेल्यावर दोन दिवसांनी मला त्याच्याबद्दल काय वाटलं ते कळतं, आणि ते बहुतेक चुकतं.

सकाळी कुलदीप मोटारसायकलवरून आला. कोयता कापडात गुंडाळून आणला होता. आवळून बांधलेला होता, म्हणजे आईने बांधून दिला असावा. डोंगराच्या पायथ्याशी आमच्या शेतात बायका जमल्या होत्या. काठी आल्यावर पोपटी उघडायची म्हणून मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी असं भरणं चाललं होतं. शेजारच्या आवडाबाई बांधावर बसल्या होत्या. वाडीतल्या सगळ्या रीतीभाती त्यांच्या ध्यानात असतात आणि त्या मोडणाऱ्यांची नावंही.

“नवरदेवा,” त्या म्हणाल्या, “कोयता जपून. काठी तोडायची हाय, मामाला न्हाय.”

“व्हय आजी,” कुलदीप म्हणाला.

आम्ही चढायला लागलो. ओढ्याच्या काठाने निरगुडी दाटलेली होती. पंजासारखं पाच बोटांचं पान, चुरगळलं की औषधाचा उग्र वास. फोक लांब आणि सरळ येतात, कोणालाही मोह पडावा असे. मी थांबलो, एक हातात धरला आणि सोडून दिला. वाटलं, समजावून सांगावं. निदान काहीतरी बोलणं होईल.

“निरगुडीला पेरापेरावर समोरासमोर पानं येतात,” मी म्हणालो. “म्हणजे प्रत्येक पेरावर दोन गाठी. सगळ्या तासत बसलं तर काठी तिथे हलकी होते. कणगी विणायला हिच्यासारखी नाही, पण तिराला नको.”

त्याने फोकावरून अंगठा फिरवला आणि मान डोलावली.

वर कारवी होती. कारवी सगळ्यात सरळ दिसते, पण आत भुसभुशीत, वाळली की तडकते. कुडाच्या भिंतीला ठीक. धायटीला लाल फुलं यायला लागली होती. तिचे फोक कमानीसारखे वाकून खाली येतात. मी हे सगळं सांगत गेलो. दोन-तीनदा वाटलं, मी फार बोलतोय. मागे वळून बघितलं तर तो ज्या झाडाबद्दल मी बोललो होतो त्याच झाडाजवळ उभा राहून ते पुन्हा बघत असायचा.

मग मुरुडशेंग लागली. तिची पानं माघात अर्धीअधिक गळलेली असतात, पण शेंगा चुकत नाहीत. पिळलेल्या दोरीच्या तुकड्यांसारख्या काळपट शेंगा, झुबक्याने लटकलेल्या. साल इतकी चिवट की तिचे दोर करतात. छाटलेल्या किंवा वणव्यात जळलेल्या बुंध्यातून तिचे जे नवे फोक निघतात ते आडवी फांदी न काढता उजेडाकडे धावत जातात. तिराला तेच हवेत.

“एका पावसाचा फोक कोवळा, तीन पावसांचा निबर,” मी म्हणालो. “दोन पावसाळे बघितलेला घ्यायचा. माझा भाऊ सांगायचा.”

“दोन कसे ओळखायचे?” कुलदीपने विचारलं. सकाळपासूनचा त्याचा पहिला प्रश्न.

“पहिल्या वर्षीची साल हिरवट असते, लव असते तिच्यावर. दुसऱ्या वर्षी राखी होते. आणि वाढ जिथे थांबून पुन्हा सुरू झाली तिथे बारीक कडं दिसतं.”

त्याने वाकून शोधलं. एका वारुळाच्या कडेला जुना बुंधा होता, त्यातून पाच-सहा फोक वर गेले होते. त्यातल्या एकावर त्याने बोट ठेवलं. “हे कडं?”

तेच होतं. मी तो फोक वाकवून डोळ्यासमोर धरला. करंगळीएवढा जाड, बगलेपासून बोटांच्या टोकापर्यंत पुरेल इतका लांब, मध्ये गाठ नाही. सोडल्यावर झटकन जागेवर गेला. एक डोळा मिटून बुडापासून शेंड्याकडे बघितलं तर वरच्या अंगाला जरासा झुकत होता.

“झुकतोय,” मी म्हणालो. “पुढे बघू.”

पुढे बघत गेलो. एकाला भुंग्याने भोक पाडलं होतं. एक सरळ होता, पण बारीक. एक जाडीला बरोबर, पण मध्यावर फांदीचा जुना व्रण. एकाची साल गुरांनी घासून सोललेली. प्रत्येक वेळी कुलदीप कोयत्याचं कापड सोडून तयार राहायचा आणि मी मान हलवली की पुन्हा गुंडाळायचा. तक्रार नाही, की ‘चालेल ना मामा’ नाही.

धापा लागल्या म्हणून एका ठिकाणी बसलो. तिथून खाडी दिसते. फेरीबोट दिघीकडे निघाली होती. त्याने मला पाण्याची बाटली दिली. मला प्रणालीचं बोलणं आठवलं. आता याला बघायला हवं. काय विचारतात अशा वेळी? मला एकच प्रश्न विचारता येतो.

“वाचता का काही?”

“न्हाय मामा.” मग थोड्या वेळाने तो म्हणाला, “पाट्या वाचतो.”

“कसल्या?”

“ट्रकच्या मागं लिहिलेलं असतं ना. बोटीत गाडी लावून घेताना तेच तोंडासमोर असतं. कधीकधी चांगलं असतं.”

“उदाहरणार्थ?”

तो लाजला. “एकाच्या मागं ‘आई वाट बघते’ असं होतं. मग त्याला मी पुढं लावला. पुढची गाडी आधी उतरते.”

“त्याला सांगितलं का, का पुढे लावला ते?”

“न्हाय. काय सांगायचं?”

मी खाडीकडे बघत राहिलो. मला वाटतं, माझा होकार तिथेच झाला. दोन दिवस थांबावं लागलं नाही.

आता खरं तर उतारावरचा कुठलाही बरा फोक घ्यायचा आणि धोंडीवर जायचं. पण माझं डोकं तसं चालत नाही. मुलगा असा निघाल्यावर मला साधी काठी चालेना. प्रणालीचा तीर, या मुलाच्या हातातून सुटणार, भागोजीदादा नाही आणि निवडणारा मी. मी अजून बारकाईने बघायला लागलो. मघाशी चालला असता असा फोकही आता नापास व्हायला लागला. ऊन डोक्यावर आलं. गुडघे बोलायला लागले. मनात आलं, पंधरवडा अजून आहे, उद्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला बघू, तिकडे दोन पावसाळ्यांपूर्वी छाटणी झाली होती. मनात ठरवलं आणि मनातच ठेवलं. माझी ही सवय जनीला पुरेपूर माहीत आहे.

“चला,” मी म्हणालो, “उतरू.”

कुलदीप जागेवर उभा राहिला. हातातला कोयता त्याने गवताने पुसला. काही कापलं नव्हतं तरी पुसला, मग कापडात गुंडाळला आणि गाठ मारली.

“बरं, मामा,” तो म्हणाला.

उतरताना वाळलेलं गवत पायाखालून सरकतं. तो माझ्या पुढे झाला. अवघड जागा आली की खाली उभा राहून माझ्याकडे तोंड करायचा आणि एक हात वर धरून गाडी लावून घेतात तशा खुणा करायचा. सावकाश. डावीकडे. येऊ द्या, येऊ द्या. बास. मला हसू आलं. “मागे किती जागा आहे?” मी विचारलं. तो हसला नाही. लाजाळू आहे, मी मनात म्हणालो. करवंदीची फांदी त्याने माझ्यासाठी बाजूला धरून ठेवली, मी पुढे जाईपर्यंत. तिचे काटे त्याच्या मनगटाला लागले होते.

आम्ही शेतात उतरलो. पोपटीचं मडकं उलटं ठेवून त्याच्याभोवती जाळ केला होता. बायका बोलत होत्या. त्या एकेक करून गप्प झाल्या. आवडाबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं आणि नजर जाळाकडे वळवली. तुळशीने पदर तोंडाला लावला. जनी उठली, तांब्यातलं पाणी ओतून कुलदीपला दिलं. त्याने ते उभ्यानेच प्यायलं.

“येतो,” तो म्हणाला. मग प्रणालीकडे बघून आणखी एकदा, हळू आवाजात, “येतो हां.”

मला वाटलं, जेवायला का थांबत नाही हा?

प्रणालीने माझ्याकडे बघितलं. विचारणार नाही असं तिने कबूल केलं होतं, आणि तिने विचारलं नाही. तिच्या ओंजळीत भांबुर्डीचा पाला होता. तिने फक्त मान हलवली, ‘ठीक आहे, तू म्हणतोस तर ठीक आहे’ अशी. लहानपणी गोष्ट संपली असं मी सांगितलं की अशीच हलवायची, अजून ऐकायची असली तरी.

तेव्हा मी स्वतःच्या हातांकडे बघितलं.

कुलदीप बांधापर्यंत पोचला होता. मला एकदम तो वरचा सगळा उतार आठवला. मी ‘उतरू’ म्हणालो तेव्हाच त्याने ओळखलं होतं की आपल्याला नाही म्हटलं. आणि तिथून खालपर्यंत तो माझ्या खालच्या बाजूला राहून, हात वर धरून, येऊ द्या, येऊ द्या करत मला घेऊन आला होता. मला नीट उतरवून द्यायचं आणि मग जायचं, एवढंच त्याने ठरवलेलं असणार.

चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला ते जमत नाही. वाचनालयात निरोपाच्या दिवशी मी आभाराचं भाषण पाठ केलं होतं आणि ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसलो होतो. आताही, माझी चूक झाली, मला हा मुलगा पसंत आहे, फक्त काठी पसंत पडली नाही, असं सगळं वाक्य डोक्यात तयार झालं आणि एक शब्द बाहेर येईना.

“कुलदीप,” मी म्हणालो. “थांब.”

तो वळला. मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं.

“कोयता घे.”

“आता कुठं?” आवडाबाईंनी विचारलं.

“वर.”

“एकदा उतरला की उतरला, दत्ता. भागोजी कधी दोनदा चढला न्हाय.”

तसा नियम आहे की नाही, मला खरंच माहीत नव्हतं. जनी मात्र माझ्याकडे बघत होती, आणि ती बघता बघता सगळं समजली. एवढी वर्षं ती मला वाचत आलीय.

“भागोजीभावजींना डोळे व्हते,” ती म्हणाली. “ह्यांना चष्मा हाय. तो पुसायला उतरलेत ते.” तिने माझा चष्मा काढला, पदराने दोन्ही काचा पुसल्या आणि पुन्हा माझ्या नाकावर बसवला. “जावा. आणि अहो, केरसुणी न्हाय आणायची, काठी आणायचीय.”

बायका हसल्या. तुळशीही पदराआडून हसली, डोळे पुसत.

“मामा,” प्रणाली म्हणाली.

“काय गं?”

“दोन आणू नकोस.”

वर जाताना आम्ही कुठे थांबलो नाही. कुलदीप माझ्या मागे होता. खरं म्हणजे खाली होता. सकाळीही तो तसाच चालत होता, मी पाय घसरून आलोच तर त्याच्यावर येईन असा. सकाळी ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वारुळाच्या कडेचा तो बुंधा सापडला. मी पहिला फोक धरला.

“हा झुकतो म्हणालात,” तो म्हणाला.

“झुकतो. शेकला की सरळ होईल. सगळेच शेकावे लागतात, सरळ फोक डोंगरात नसतो. हे मला माहीत होतं, कुलदीप. वेळेवर आठवलं नाही.”

त्याने कोयत्याची गाठ सोडली. “मामा, मला वाटलं…”

“कळलं मला काय वाटलं ते. काप.”

“कुठनं?”

“बुडाजवळ. तिरका घाव घाल, बुंध्यात पाणी राहायला नको. बाकीचे फोक सांभाळून.”

त्याने डाव्या हाताने बाकीचे फोक बाजूला धरले आणि एका घावात तो सोडवला. शेंडा मोडून माझ्या हातात दिला. साल ओली, थंड लागली. मी पुन्हा एक डोळा मिटणार होतो, पण मिटला नाही.

धोंडीवर चढायला त्याने मला हात दिला. तिथून आमचं शेत दिसत होतं, जाळाचा धूर, आणि त्याच्याभोवती रंगीत ठिपके. मी तोंडाशी हात नेला आणि हाळी दिली. ती खोकल्यासारखी बाहेर आली. खाली काही हललं नाही.

“मी देऊ?” कुलदीपने विचारलं.

“नाही. मामानेच द्यायची असते.”

मी काठी दोन्ही हातांनी वर धरली. प्रणाली फाट्यावर उभी असायची तेव्हा एसटी पुढे निघून जाऊ नये म्हणून मी आतून ड्रायव्हरला हाक मारायचो. मला आठवतं त्याप्रमाणे तेवढीच एक हाक मी मोठ्याने मारत असे. ती मारली. आवाज फाटला, पण गेला. ओढ्यापलीकडची कावळ्यांची जोडी उडाली.

मग खालून जनीचा आवाज, एकटीचा, खणखणीत: “ऐकू आलं हो. लौकर या, पोपटी करपली.”

आणि मग सगळ्या बायकांची मिळून उलटी हाळी आली. कुलदीप हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे त्याचा.

पोपटी खरंच करपली होती. खालच्या शेंगा कोळसा झाल्या होत्या, अंडी काळी पडली होती. सगळ्यांनी ती खाल्ली. आवडाबाई म्हणाल्या, दोनदा चढलं की असंच होतं, आणि तिसऱ्यांदा शेंगा मागून घेतल्या.

हे लिहितोय तेव्हा काठी चुलीवरच्या माळ्यावर सालीसकट वाळते आहे. दोन्ही टोकांना शेण लावलंय, चिरा पडू नयेत म्हणून. लग्न वैशाखात. त्याआधी साल काढून, निखाऱ्यावर धरून, हातांनी दाबत दाबत ती सरळ करायची. मोडली तर काय, हा विचार येतो. मग मी स्टूल घेतो, काठी खाली काढतो, डोळ्यासमोर धरून बघतो आणि परत ठेवतो.

“बघून सरळ होत न्हाय ती,” जनी म्हणते.

काल प्रणालीचा फोन आला होता. काठी कशी आहे, तिने विचारलं. मी म्हणालो, वाळतेय. मग मीच विचारलं, फोनवर बोलतो का तो आता?

“बोलतो,” ती म्हणाली. “रोज एक पाटी सांगतो. आज एका टेम्पोच्या मागे काहीच लिहिलेलं नव्हतं, तर तेही सांगितलं.”